दुसरी तार

सावद्याला, केळी संघाच्या गोदामामागच्या खोलीत
रात्री सव्वा वाजता मी पहिली तार उपटली.
मुद्दाम.
भारंबेकाका दारात स्टूल टाकून,
मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलेलं.
मोजा, म्हटलं.
पाच सेकंदांत दुसऱ्या तारेनं ओझं उचलायला हवं.

पाच. बारा. तीस.
भुईकाट्यावरच्या ट्रकांची वजनं
पडद्यावर जिथल्या तिथं गोठली.
"चाळीस झाले माय, काहीच हालत नही."

तार परत खोचली.
आकडे चालू लागले, काही घडलंच नसल्यासारखे.

दुसरी तार निळी. चार वर्षांपूर्वीची.
ठेकेदाराच्या बिलावर तिच्यापुढे लिहिलंय: अखंड सेवेसाठी.
तिच्या टोकाला हिरवा दिवा लुकलुकतो,
आणि त्या दिव्याच्या भरवशावर
सगळा संघ झोपत आला, मीही.

तार बदलली. टोकं पुसली.
स्विच वेगळे आहेत ना? वेगळे.
वीज वेगळी आहे ना? वेगळी.
सर्व्हरला विचारलं, स्टोरेजकडे जायच्या वाटा किती?
दोन, म्हणाला. दोन्ही चालू.
निळ्या वाटेनं हाक मारून पाहिली:
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
मिलिसेकंदसुद्धा लागत नव्हता.

एसी दुपारीच गेलेला. मे महिना.
भिंत अजून तव्यासारखी.
काकांनी डबा उघडला, कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि खाता खाता त्यांना पूल आठवला.
नव्या पुलाची डागडुजी निघाली तेव्हा
सगळी वाहनं जुन्यावरून सोडली होती.
जुन्याच्या तोंडाशी आडवा लोखंडी बार.
"मोटरसायकली निंघी गेल्या सुसाट.
केळीचा ट्रक आला न् बारले अडकला.
मागं पार फाट्यापर्यंत रांग.
आन् पूल चालूच व्हता ना माय,
कागदावर चालूच व्हता."

घास हातातच राहिला.

मी निळ्या वाटेनं मोठं पॅकेट सोडलं,
आठ हजार नऊशे बहात्तर बाइटचं,
तुकडे करायचे नाहीत असं बजावून.
उत्तर नाही.
चार हजार. नाही. दोन हजार. नाही.
चौदाशे बहात्तर: आहे.
चौदाशे त्र्याहत्तर: गप्प.

एका बाइटवर अडत होती वाट.
दुसरा स्विच कुणी खोक्यातून काढला तसाच लावला होता,
मापाचा एक आकडा बदलायचा राहिलेला.
पहिल्यावर नऊ हजार, याच्यावर पंधराशे.
"आहेस का" एवढं मावत होतं.
बाकी काही नाही.

तेवढ्यात फोन थरथरला. भाऊ. टोरांटोला संध्याकाळ.
रोजचाच मेसेज: ठीक ना सगळं?
रोजच्यासारखं "ठीक" टाइप केलं.
पाठवलं नाही.
बाबांचा रिपोर्ट गेल्या मंगळवारपासून
माझ्या पिशवीत, लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात.

आकडा बदलला. जपून ठेव, असंही स्विचला सांगितलं,
हे विसरलं की वीज गेल्यावर सगळं पहिल्यासारखं होतं.
तीन वाजून दहा मिनिटांनी
पहिली तार पुन्हा उपटली.
एक, काका म्हणाले. दोन. तीन.
वजनं क्षणभर अडखळली
आणि निळ्या वाटेनं पुढे निघाली.
काकांनी चार म्हटलंच नाही.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
दिव्यावर विश्वास ठेवू नये.
महिन्यातून एकदा तार हातानं उपटून पाहावी.
खाली सही, उल्का फालक, तारीख, वेळ.

मग बाहेर ओट्यावर येऊन
"ठीक" खोडलं, आणि थेट फोनच लावला.
तिकडे रिंग वाजत असताना
दारातून काकांनी विचारलं,
झालं ना आता? जाऊ घरी?
मी मान हलवली, नाही.
उलट्या बाजूनं राहिलंय अजून.
निळी उपटून पाहायचीय.
घड्याळ असू द्या हातात.